बाप्तिस्मा एकदाच का? मंडळीच्या जीवनातील एका संस्काराचा अर्थ

सीनाकाठ

गेला महिनाभर आमच्या घरात एका प्रश्नावर बोलणे चालू आहे. ते घरातल्या घरात मिटेल असे दिसत नाही, म्हणून येथे मांडतो.

माझा आतेभाऊ २४ वर्षांचा आहे. तो तीन महिन्यांचा असताना नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याचा बाप्तिस्मा झाला. सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडून विश्वासाची कबुली देण्याचा विधी, होऊन तो प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) भाग घेऊ लागला. नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर तो एका स्वतंत्र मंडळीच्या उपासनेस जाऊ लागला. तान्हेपणी तुझ्या डोक्यावर पाणी पडले, त्यास बाप्तिस्मा म्हणता येत नाही, असे तेथे त्यास सांगण्यात आले. आता तो पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घेण्याच्या तयारीत आहे. आत्या यावर फार बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "मग त्या दिवशी आम्ही काय केलं?"

हा प्रश्न आत्याचा एकटीचा आहे असे मला वाटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले, तेव्हा वाटाघाटींतील अवघड गाठींपैकी एक हीच होती. त्या सहांमध्ये बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि आमच्या नगरकडील जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात आधीच सामील झाल्या होत्या ते युनायटेड चर्चही होते. त्याच टेबलाशी केवळ कबुली देणाऱ्या प्रौढासच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रेदरन बसले होते. एकाच्या दृष्टीने जो संस्कार पूर्ण झाला, तो दुसऱ्याच्या दृष्टीने मुळी झालाच नव्हता. तोडगा निघाला तो असा की दोन्ही पद्धती पर्यायी म्हणून मान्य कराव्यात. आईबापांनी बाळास बाप्तिस्मा द्यावा आणि मोठेपणी त्याने दृढीकरणात स्वतः कबुली द्यावी, किंवा बाळास आशीर्वाद द्यावा आणि मोठेपणी कबुली देऊन त्याने बाप्तिस्मा घ्यावा. दोन्ही वाटांवर पाणी एकदा आणि कबुली एकदा. केवळ क्रम उलटा. कागदावर ही मांडणी मला आजही सुंदर वाटते. जो एका वाटेने निम्मा चालून आला आणि मग दुसऱ्या वाटेच्या आरंभापाशी जाऊन उभा राहिला, त्याचे काय करावे, येथे मात्र ती अडखळते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बाप्तिस्मा पाण्याने द्यावा की पाण्यात द्यावा, हा मला दुय्यम मुद्दा वाटतो. मुख्य प्रश्न ही कृती कोणाची, हा आहे. ती माझ्या विश्वासाची जाहीर साक्ष असेल, तर तान्ह्या मुलास साक्ष देता येत नाही, हे उघड आहे. परंतु ती देवाने मंडळीच्या हातून मला आपलेसे करण्याची कृती असेल, तर मला ती कळली होती की नाही यावर तिचे खरेपण अवलंबून राहत नाही. मी दुसऱ्या पक्षाचा आहे आणि म्हणून तो संस्कार एकदाच होऊ शकतो, असे मानतो. तरीही आतेभावाच्या मनातील ओढ खोटी आहे, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

येथे अनेक पंथांचे आणि धर्मांचे वाचक आहेत. धर्मांतराच्या नेहमीच्या वादाकडे धागा नेऊ नये, एवढी विनंती.

कोपऱ्यातला वाचक

मी हिंदू आहे आणि मला या विषयाची माहिती जवळजवळ नाही, म्हणून एक बाळबोध प्रश्न विचारतो. बाप्तिस्मा म्हणजे आमच्याकडील बारसे, अशी माझी आजवरची समजूत होती. तसे असेल तर दुसऱ्यांदा बारसे करण्याने एवढे बिघडते काय? आणि तसे नसेल तर त्याची तुलना मुंजीशी करावी का?

सीनाकाठ

प्रश्न बाळबोध नाही. आमच्यातीलही पुष्कळांची समजूत तीच असते. बालकाच्या बाप्तिस्म्यात त्याचे नाव उच्चारले जाते, म्हणून तो नामकरणविधी वाटतो. वास्तविक नाव आधीच ठेवलेले असते आणि बाप्तिस्मा त्या नावाच्या माणसास दिला जातो. "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने", असे सूत्र आहे. म्हणजे त्या दिवशी जे नाव महत्त्वाचे असते, ते बाळाचे नसते.

गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याबरोबर नाव आणि आडनावही बदलत असे, त्यामुळे ही समजूत अधिक पक्की झाली. आमच्याकडे, म्हणजे नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, आडनावे जशीच्या तशी राहिली. गायकवाड गायकवाडच राहिला आणि साळवे साळवेच.

मुंजीशी तुलना थोडी जुळते, परंतु दृढीकरणाच्या बाबतीत. बाप्तिस्म्याच्या बाबतीत ती जुळत नाही. बाप्तिस्म्यामागील मूळ प्रतिमा मरणाची आहे. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपण बाप्तिस्म्याने ख्रिस्ताच्या मरणात त्याच्याबरोबर पुरले गेलो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी वर आलो. मूल जन्माला आल्याच्या आनंदात आपण त्याला प्रतीकरूपाने पुरतो, हे विचित्र आहे खरे. केक कापताना ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

शब्दवेध

केवळ भाषेपुरते लिहितो. ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ बुडवणे असा आहे आणि त्याच कुळातील शब्द रंगाऱ्याने कापड रंगात बुडवण्यासाठीही वापरला जाई. परंतु शब्दकोशावरून वाद निकाली निघत नाही, कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात जेवणापूर्वी येशूने हातपाय धुतले नाहीत म्हणून परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी, आश्चर्य करतो, तेथेही हेच क्रियापद आले आहे. जेवणापूर्वी कोणी डोक्यापर्यंत बुडी मारत नाही.

मराठी बायबलने हा पेच चतुराईने टाळला आहे. 'बाप्तिस्मा' हे भाषांतर नव्हे, ते ग्रीक शब्दाचेच मराठी रूप आहे. बंगालमधील श्रीरामपूरचे (सेरामपूरचे) मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांच्या बॅप्टिस्ट सहकाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. देशी भाषांत बुडवण्याचा अर्थ स्पष्टपणे सांगणारा शब्दच घालावा, असा त्यांचा आग्रह होता. १८३० च्या दशकात बंगाली बायबलावरून हा वाद इतका विकोपास गेला की बायबल सोसायटीने अशा भाषांतरास पैसा देण्याचे नाकारले. तेव्हा आपण ज्या शब्दावरून येथे बोलत आहोत, तो मुळात सर्वांना आपापला अर्थ भरता यावा म्हणून मोकळा ठेवलेला शब्द आहे.

सोपाऱ्याची माहेरवाशीण

आम्ही वसईकडील कॅथलिक. आमच्याकडे 'स्नानसंस्कार' असाही शब्द आहे आणि मला तो 'बाप्तिस्मा'पेक्षा जवळचा वाटतो.

विधी थोडक्यात सांगते. फादर दाराशी बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि मग आईबाप व धर्ममाता-धर्मपिताही ती करतात. सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली ही मोठ्यांनी द्यायची असते. त्यानंतर तीन वेळा पाणी ओततात, डोक्याला क्रिझमाचे सुगंधी तेल लावतात, पांढरे वस्त्र पांघरतात आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती पित्याच्या किंवा धर्मपित्याच्या हाती देतात. ती मेणबत्ती पुष्कळ घरांत जपून ठेवलेली असते. माझी माहेरी कपाटात होती. उंदरांनी निम्मी खाल्ली.

ही कृती कोणाची, या प्रश्नाला आमच्याकडे अगदी एका शब्दावर येऊन उत्तर मिळते. ऑगस्ट २०२० मध्ये रोमने जाहीर केले की "मी तुला बाप्तिस्मा देतो" याऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असे म्हटले असल्यास तो संस्कार झालाच नाही. अमेरिकेतील फिनिक्स येथे एका धर्मगुरूने वर्षानुवर्षे 'आम्ही' म्हटल्याचे उघडकीस आले आणि हजारो लोकांचा बाप्तिस्मा अवैध ठरला. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा कोरडा तांत्रिकपणा वाटला होता. त्यामागील कारण मात्र असे आहे की तेथे जमलेला समाज बाप्तिस्मा देत नसतो. पुरोहिताच्या तोंडून 'मी' म्हणणारा ख्रिस्त असतो. म्हणूनच जीव जाण्याची वेळ आली असता कोणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेली परिचारिकासुद्धा, योग्य हेतूने पाणी ओतून ते शब्द उच्चारून वैध बाप्तिस्मा देऊ शकते. देणारा कोण, यास महत्त्व नाही.

आणि तो पुसताही येत नाही. आमच्याकडे ज्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला, तेथील नोंदवहीत त्याच ओळीसमोर पुढे दृढीकरण आणि विवाह यांची नोंद केली जाते. लग्न मुंबईत झाले तरी त्याचे पत्र गावाच्या चर्चला जाते. माझ्या नावासमोर दोन नोंदी आहेत.

जलधारा

धागाकर्त्याने ज्या मंडळीचा उल्लेख केला तशाच एका मंडळीचा मी सभासद आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. आरंभीच एक दुरुस्ती सुचवतो. आम्ही कोणास 'दुसरा बाप्तिस्मा' देत नाही. ज्याचा झालेला नाही त्यास पहिला देतो.

नव्या करारात बालकास बाप्तिस्मा दिल्याचा एकही स्पष्ट उल्लेख नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात कूशी अधिकारी स्वतः रथ थांबवतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घेण्यास काय हरकत आहे, असे विचारतो आणि फिलिप व तो असे दोघे पाण्यात उतरतात. आधी ऐकणे, मग विश्वास ठेवणे आणि मग पाणी, हाच क्रम सर्वत्र आढळतो. एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील शिष्यांना योहानाचा बाप्तिस्मा मिळालेला असूनही पौलाच्या उपस्थितीत त्यांचा प्रभू येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा झाला. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने तर लहान मुलांच्या बाबतीत घाई करू नका, असे लिहूनच ठेवले आहे.

यासाठी लोकांनी प्राण दिले आहेत. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही जणांनी एका घरात एकमेकांना विश्वासाच्या कबुलीवर बाप्तिस्मा दिला आणि दोनच वर्षांत त्यांच्यापैकी फेलिक्स मांझ यास त्याच शहराच्या लिमात नदीत हातपाय बांधून बुडवण्यात आले. शिक्षा देणारे तुर्क नव्हते की रोमन बादशहा नव्हता. ते सुधारणावादी प्रॉटेस्टंटच होते.

आपल्याकडील उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांनी स्वतः पुढे साक्ष दिली आहे की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपणास उमजले. एवढ्या विदुषीचे असे झाले, तर तीन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत आपण कोणत्या आधारावर बोलतो?

आत्याबाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. त्या दिवशी तुम्ही बायबलमधील हन्नेने आपल्या मुलास, शमुवेलास, अर्पण केले तसे आपले बाळ देवास अर्पण केले. ते व्यर्थ नव्हते. आज तो स्वतः उभा राहत आहे, हे त्या प्रार्थनेचेच फळ आहे.

सीनाकाठ

जलधारा, आपले शेवटचे वाक्य मी आत्याला वाचून दाखवले. तिला ते आवडले, परंतु ती म्हणाली की आम्ही अर्पण केलं नव्हतं, आम्ही मागितलं होतं. या फरकावर मी दोन दिवस विचार करतो आहे.

रमाबाईंचे उदाहरण आपण दिले, तर ते पुरते घेऊ. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला एकट्या रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला नाही. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला आणि ती तेव्हा अडीच वर्षांची होती. आई २५ वर्षांची, संस्कृत पंडिता, अनेक महिने वादविवाद करून निर्णयाप्रत आलेली. आणि मूल आईचा हात धरून आलेले. पाणी एकच आणि सूत्रही एकच. आईस आठ वर्षांनी उमजले, असे आपण म्हणता. पण आधी पाणी आणि उमज मागाहून, हाच तर बालकाच्या बाप्तिस्म्याचा क्रम आहे. रमाबाईंच्या बाबतीत तो प्रौढपणी घडला, एवढाच भेद. किती उमजले म्हणजे पुरे, हे ठरवणार कोण? चोविसाव्या वर्षी जे समजले ते चाळिसाव्या वर्षी अपुरे वाटले, तर तिसऱ्यांदा पाण्यात उतरायचे का?

चौथ्या शतकात आफ्रिकेतील दोनातवादी या ख्रिस्ती पंथाचा वादही याच वळणावर आला होता. छळाच्या काळात कच खाल्लेल्या बिशपच्या हातचा संस्कार ते खरा मानीत नसत. ऑगस्टिनचे उत्तर असे होते की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणारा कितीही हीन असला तरी. मी हे घेणाऱ्यासही लावतो.

बालकांविषयी स्पष्ट वचन नाही, हे मला मान्य आहे. लुदियेचे घराणे आणि फिलिप्पै येथील तुरुंगाच्या नायकाचे घराणे यांचा बाप्तिस्मा झाला, असे त्याच ग्रंथात आहे. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे कोणास सिद्ध करता येणार नाही. मला त्यातील 'घराणे' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आमच्या पूर्वजांच्या वस्तीत माणूस एकटा कधी कोणता निर्णय घेतच नसे. विहीर, भाकरी, सोयरीक, कर्ज ही सगळी घराची असत. एकट्याने उभे राहून मी विश्वास ठेवतो असे म्हणणे, हीच पुष्कळांना परकी वाटलेली गोष्ट असावी.

बूथच्या फाटकापाशी

आमचे घराणे मुक्तिफौजेतले, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीतले. मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत आली आणि १८८३ मध्ये तिचे संस्थापक विल्यम बूथ यांनी बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन्ही विधी बंद केले. त्यामुळे नगर जिल्ह्यात चार पिढ्या ख्रिस्ती असलेली आणि एकाच्याही डोक्यावर थेंबभर पाणी न पडलेली घरे आपणास सापडतील. आमच्याकडे बाळाचे समर्पण होते आणि मोठेपणी निशाणाखाली शपथ घेऊन माणूस सैनिक होतो. मंडळीतील मुलीशी लग्न ठरले की मात्र पाळकसाहेब प्रथम बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तेव्हा घरी हशा पिकतो.

जुनी पत्रे

चर्चा मंडळीच्या आतून चालली आहे. बाप्तिस्म्याचा एक अर्थ बाहेरच्यांनीही ठरवला आहे, तो नोंदवतो.

१८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा झाला आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. त्यानंतर चार वर्षांनी नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरीही त्यास जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत आणि पुण्यात ब्रह्मवृंदाची दोन तटांत विभागणी झाली. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे या पक्षाचे होते आणि त्यासाठी त्यांना स्वतःलाही जातीचा रोष सोसावा लागला.

म्हणजे समाजाच्या लेखी रेषा ओलांडली गेली ती पाण्याने नव्हे, मिशनऱ्यांकडच्या जेवणाने. मंडळीच्या लेखी मात्र श्रीपत अजून बाहेरच होता. एकाच मुलाभोवती दोन समाजांनी दोन वेगळ्या रेषा आखल्या होत्या. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर सुटतच असे, निदान कायद्याने वाटा तरी सुटू नये, एवढाच त्याचा अर्थ.

ना. वा. टिळकांनाही ही रेषा शेवटी सलू लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. पतीपत्नींची ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाई स्वतःच्या पावलांनी त्या निर्णयाप्रत येण्यास काही वर्षे गेली. बाप्तिस्म्याची ही किंमत मोजलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. दीड-दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि दरबार वाढला नाही. त्यांना बाप्तिस्मा नको झाला होता असे मी म्हणणार नाही. परंतु तो कुंपण झाला आहे, हे त्यांना दिसले होते.

वकिली चष्मा

कुंपणाची आजची बाजू दोन वाक्यांत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलितास मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातीच्या दाखल्याची मागणी फेटाळली, तेव्हा अर्जदाराच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची चर्चमधील नोंद पुराव्यात होती.

म्हणून तान्हेपणीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की शासन तसे मानत नाही.

कोपऱ्यातला वाचक

हे वाचून मला एक नवाच प्रश्न पडला. ज्याची श्रद्धा आहे परंतु जातीच्या दाखल्यापायी किंवा घरच्यांपायी जो बाप्तिस्मा घेत नाही, त्यास मंडळी काय म्हणते?

निवृत्त पाळक, डोंगरगाव

मी ३४ वर्षे मंडळ्यांची सेवा केली. आता निवृत्त आहे. हा धागा मला माझ्या नातीने दाखवला. टंकनातील चुका पोटात घालाव्यात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. अशी माणसे मागच्या बाकावर बसतात. प्रभुभोजनाच्या वेळी ती उठून जातात किंवा मान खाली घालून बसून राहतात. मी त्यांना कधी घाई केली नाही आणि त्यांची नावे कोठे लिहिली नाहीत. ज्या आईस बाप्तिस्म्यामुळे मुलाची शिष्यवृत्ती जाण्याची भीती आहे, तिला रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. हे चुकले असेल. पौलानेच करिंथकरांस लिहिले आहे की ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा देण्यास नव्हे तर शुभवर्तमान सांगण्यास पाठवले, आणि मी फारच थोड्यांना बाप्तिस्मा दिला याबद्दल तो त्याच ठिकाणी देवाचे आभार मानतो. त्या वचनाचा मी पुष्कळदा आडोसा घेतला.

पद्धतीविषयी म्हणाल तर मी सर्व प्रकार पाहिले. डहाणूकडील जुन्या ब्रेदरन मंडळीतील माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना गुडघे टेकवून पुढच्या बाजूस तीन वेळा बुडवले होते. रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमधील मुलींचा बाप्तिस्मा भीमेच्या पात्रात झाला, हे तर सर्वांना माहीत आहे. पहिल्या शतकांतील दिदाखे नावाच्या पुस्तिकेत सांगितले आहे की वाहते पाणी असावे, ते नसेल तर दुसरे घ्यावे, थंड नसेल तर ऊन घ्यावे आणि फार पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. दुष्काळी भागात सेवा करणाऱ्या माणसास हे वाचून बरे वाटते. एका उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये टँकरच्या पाण्याने बाप्तिस्मे झाले होते.

एकदा रात्री अकराच्या सुमारास मला एका रुग्णालयात बोलावणे आले. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल होते. परिचारिकेने औषधाची वाटी उकळून दिली. मुलाच्या कपाळावर बोटाने तीन थेंब ठेवले. त्याहून अधिक पाणी ठेवण्यास जागाच नव्हती. पहाटे ते गेले. कबुली कोणी दिली, विश्वास कोणाचा होता, पाणी पुरेसे होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला त्या खोलीत देता आले नसते. परंतु त्याच्या आईने नंतर मला विचारले की आता तो मंडळीत आहे ना, आणि मी हो म्हणालो. ते 'हो' मी आजवर मागे घेतलेले नाही. बालकाच्या बाप्तिस्म्याविषयीचे माझे सगळे धर्मज्ञान एवढेच आहे.

त्याच बाप्तिस्म्याची आम्ही जी थट्टा केली आहे, तीही सांगितली पाहिजे. छायाचित्रकार आणि हॉल ठरवून झाल्यावर पाळकास तारीख कळवणारे आईबाप मी पाहिले. धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस पुढे त्या मुलाच्या दारी कधी फिरकला नाही, असेही पाहिले. आम्ही सर्व मंडळी उभी राहून या मुलास विश्वासात वाढवू असे वचन देतो आणि खाली बसता बसता ते विसरतो. मग ते मूल विसाव्या वर्षी दुसरीकडे जाते आणि म्हणते की माझा बाप्तिस्मा झालाच नव्हता. जलधारा यांच्याशी माझा मतभेद आहे, परंतु त्यांच्याकडे आलेली निम्मी मुले आमच्या त्या विसरलेल्या वचनामुळे आलेली आहेत.

माझ्याकडे असे तरुण आले तेव्हा मी त्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिला नाही. पाळकाने असा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेऊ नये, तो बिशपांपुढे ठेवावा, असा आमचा शिरस्ता. मी त्यांना पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटेच्या उपासनेत सर्वांसमोर उभे करून बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा कबुली घ्यायला लावली. काहींचे त्याने समाधान झाले, काहींचे झाले नाही.

जलधारा

आदरणीय पाळकसाहेब, रुग्णालयातील प्रसंगावर मी काहीही म्हणणार नाही. वचन देऊन विसरण्याविषयी आपण लिहिलेत, ते आमच्याकडेही लागू आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीत पाण्यातून वर आलेल्या किती जणांच्या घरी मी त्यानंतर गेलो, याचा हिशोब काल रात्री मांडून पाहिला. तो येथे देण्यासारखा नाही.

सोपाऱ्याची माहेरवाशीण

सीनाकाठ, आतेभावाचे पुढे काय ठरले, हे जरूर कळवा.

सीनाकाठ

त्याने हा सगळा धागा वाचला. पाळकसाहेबांचे लिखाण वाचून तो बराच वेळ गप्प होता. तरीही त्याचा निर्णय बदललेला नाही. पुढील रविवारी सकाळी सात वाजता आहे. मला जे म्हणायचे होते ते मी त्यास म्हटले. त्याचे म्हणणे असे की बाळपणीचे खोटे होते असे मी कोणासमोर म्हणणार नाही, परंतु मला ते आठवत नाही आणि मला आठवेल असे काहीतरी हवे आहे. यावर युक्तिवाद मला सुचला नाही.

आत्या जाणार आहे. तिने विचारले की पाण्यातून बाहेर आल्यावर कोरडे कपडे कोण देतं. मंडळीतील भाऊ देतात, असे त्याने सांगितले. टॉवेल मी आणीन, असे ती म्हणाली.

पाळकसाहेब, एक व्यावहारिक शंका उरते. उद्या त्याचे लग्न आमच्या मंडळीत झाले तर कोणता दाखला लागेल? आणि नगरच्या नोंदवहीतील त्याच्या नावाचे काय होते?

निवृत्त पाळक, डोंगरगाव

जुनाच दाखला चालतो, तो जपून ठेवावा. हरवला असेल तर बाप्तिस्म्याची तारीख आणि आईवडिलांची नावे देऊन चर्चच्या कार्यालयात अर्ज करावा. वहीत पाहून नवी प्रत देतात. माणूस दुसरीकडे गेला म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीतील ओळ खोडण्याची आमच्याकडे पद्धत नाही. सभासदांची यादी वेगळी असते आणि ती दरवर्षी बदलते. आत्याबाईंना माझा सलाम सांगावा.